आईची सेवा आणि सरकारी पैसा: कुठे मिळतो, कुणाच्या नावाने मिळतो

प्रश्न नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका ताईंचा आहे. वय ३४, अविवाहित. आईला, वय ६२, आठ महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. वडील हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला होते, ते वारले. आईला पीएफकडून विधवा पेन्शन येते, महिन्याला दोन हजारांच्या आत. ताईंनी बर्डीवरच्या दुकानातली हिशेबाची नोकरी सोडली. भाऊ पुण्यात असतो, कधी पैसे पाठवतो, कधी नाही. अमेरिकेतली मामेबहीण सांगते की सासूची काळजी घेण्याबद्दल तिला तिथलं सरकार पगार देतं. ताई विचारतात, आपल्याकडे असं काही आहे का? असेल तर अर्ज कुठे करू?

ताई, आधी सरळ उत्तर. घरच्या माणसाची सेवा करणाऱ्याच्या नावाने दरमहा पगार देणारी योजना आज महाराष्ट्रात नाही. जो पैसा आहे तो रुग्णाच्या नावाने येतो आणि त्यातला बराचसा दिव्यांग प्रमाणपत्राच्या दारातून येतो. पण म्हणून हातावर हात धरून बसू नका. सेवा करणाऱ्यासाठीचा भत्ता आपल्या कायद्यात लिहिलेला आहे आणि तो मागण्याची रीतही कायद्यातच आहे. मी नागपुरात वैद्यकीय समाजसेविका म्हणून आयुष्य काढलं. तुमच्यासारख्या लेकी-सुना रोज समोर बसायच्या. अर्ज करण्याआधीच बहुतेकींना कुणीतरी सांगितलेलं असायचं, "काही मिळत नाही, कशाला चकरा मारता." ते पूर्ण खरं नाही.

मामेबहिणीचं खरं आहे. तिथे मेडिकेड नावाची, कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची योजना आहे. तिच्यात बऱ्याच राज्यांत रुग्ण स्वतःचा मदतनीस स्वतः निवडू शकतो आणि तो मदतनीस मुलगी किंवा सूनही असू शकते. कॅलिफोर्नियात तर नवरा-बायकोलाही हे काम पगारी करता येतं. म्हाताऱ्यांचा सरकारी विमा जो मेडिकेअर, तो मात्र असा पगार देत नाही. लोक या दोन नावांत गल्लत करतात. आईला तिकडे नेण्याचा विचार कुणी सुचवला तर हेही माहीत असू द्या: नव्याने ग्रीन कार्ड मिळालेल्यांना मेडिकेडसाठी साधारण पाच वर्षं थांबावं लागतं. पण तिकडच्या पद्धतीतली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. तिथे पगार नात्यावर ठरत नाही, तासांवर ठरतो. रुग्णाला आंघोळीला किती वेळ, भरवायला किती, रात्री किती वेळा उठावं लागतं, हे कुणीतरी घरी येऊन लिहितं आणि तेवढे तास मंजूर होतात. आपल्याकडेही उद्या असा भत्ता सुरू झाला तर गरज अशीच मोजावी लागेल, असं मला वाटतं.

आता आपला कायदा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात 'केअरगिव्हर' म्हणजे कोण हे सांगताना आईवडील आणि घरची इतर माणसं स्पष्टपणे धरली आहेत, पैसे घेऊन करणारे आणि न घेता करणारे, दोघेही. कलम २४ मध्ये राज्यांनी सामाजिक सुरक्षेच्या कोणत्या योजना कराव्यात हे सांगितलं आहे. ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी केअरगिव्हर भत्ता त्या यादीत आहे. कलम ३८ तर अर्जाचंच आहे: ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेली व्यक्ती, किंवा तिच्या वतीने दुसरं कुणीही, जास्त आधाराची गरज असल्याचा अर्ज करू शकतं, आणि मूल्यांकन मंडळाने ती गरज किती आणि कशी हे तपासून द्यायचं. केरळमध्ये अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्यांना आश्वासकिरणम योजनेतून महिना ६०० रुपये ठरले. तमिळनाडूतही जास्त आधार लागणाऱ्यांच्या मदतनिसासाठी वेगळी रक्कम आहे. रक्कम तुटपुंजी आहे हे मान्य. पण त्या राज्यांनी सेवा करणारं माणूस सरकारदरबारी नोंदवलं, आणि आपल्याकडेही ते झालंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

तर सुरुवात प्रमाणपत्रापासून. दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर आईच्या आधार कार्डावर अर्ज भरा आणि तपासणीसाठी मेडिकल किंवा मेयो, या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांपैकी एक निवडा. पक्षाघातात सुधारणा चालू असेपर्यंत तिथलं वैद्यकीय मंडळ कायमचं प्रमाणपत्र द्यायला तयार नसतं. तुमचे आठ महिने झालेत, म्हणजे वेळ योग्य आहे. डिस्चार्ज कार्ड, मेंदूचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय, फिजिओथेरपीचे कागद, सगळं तारखेप्रमाणे लावून न्या. आणि हातापायासोबत वाचेचीही तपासणी मागा. मेंदूच्या इजेमुळे गेलेली वाचा हा कायद्यात वेगळा दिव्यांगत्वाचा प्रकार आहे. अस्थिव्यंगाच्या खिडकीवर गेलेल्या पेशंटची वाचा कुणी आपणहून तपासत नाही. दोन्हींचे टक्के एका ठरलेल्या सूत्राने जोडतात, सरळ बेरीज होत नाही, तरी आकडा वाढतो. ४० टक्क्यांना एक दार उघडतं, ८० टक्क्यांना दुसरं. दिव्यांग ओळखपत्राच्या कार्डाचा रंगही त्याप्रमाणे: ४० ते ७९ पिवळा, ८० आणि त्यावर निळा.

तपासणीच्या खोलीत एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. डॉक्टर विचारतात, "काय म्हणते आईची तब्येत?" आणि लेक सवयीने म्हणते, "आता बरी आहे." आईसुद्धा परक्या माणसासमोर सगळा जीव एकवटून हात उचलून दाखवते. घरी जो हात दिवसभरात एकदा उचलला जात नाही तो तिथे उचलला जातो आणि कागदावर तसाच उतरतो. म्हणून एक वही घाला. साधी दोनशे पानी. तिच्यात वेळ आणि काम, एवढंच लिहा. पहाटे पाचला डायपर बदलला, पाठ पुसून पावडर लावली. सातला टेकवून बसवलं, दात घासून दिले, पातळ चहा ठसक्यात जातो म्हणून त्यात बिस्कीट कालवून चमच्याने भरवला. नऊला बीपीची गोळी कुटून दिली. दर दोन तासांनी कूस बदलली. रात्री दीडला आणि साडेतीनला उठले. दोन आठवडे अशी वही झाली की तिची झेरॉक्स काढा. "आई पूर्ण परावलंबी आहे" असं मोघम बोललात तर डॉक्टर तरी काय लिहिणार? वही समोर ठेवली की त्यांनाही लिहायला आधार मिळतो. पुढे कलम ३८ च्या अर्जाला हीच वही जोडायची आहे आणि भावासमोरही हीच ठेवायची आहे.

प्रमाणपत्र हातात आलं की संजय गांधी निराधार अनुदान योजना. ६५ वर्षांखालच्यांसाठी ही, त्यावरच्यांसाठी श्रावणबाळ. दिव्यांगांना यात आता दरमहा २,५०० रुपये मिळतात. ऑक्टोबर २०२५ पासून ही वाढ झाली, आधी १,५०० होते. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० आहे आणि राज्यात १५ वर्षांचा रहिवास लागतो. तुमच्या आईची पेन्शन या मर्यादेत बसते. अडचण तुमच्या जुन्या पगाराची आहे. उत्पन्नाचा दाखला काढताना तलाठी मागचीच आकडेवारी धरतो. दुकानातून काम सोडल्याचं पत्र घ्या, तारखेसह, आणि दाखला नव्याने काढा. सेतूच्या खिडकीवर एजंट भेटतील, "करून देतो" म्हणतील. त्यांना पैसे देऊ नका. हा अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत तुम्हाला स्वतःला देता येतो. अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यातच येतं, तेव्हा आईचं खातं जोडलेलं आहे का हे अर्जाआधी बँकेत विचारा. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो राहिला की पैसे थांबतात आणि पुन्हा सुरू व्हायला महिने लागतात.

महापालिकेकडेही विचारा. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. त्यातून कोणत्या वर्षी काय देतात ते बदलतं, म्हणून झोनच्या कार्यालयात चालू वर्षाचं विचारून घ्या.

बँकेचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो येणारच. आईची सही उजव्या हाताची होती, ती गेली. घाबरू नका आणि आईला स्ट्रेचरवर घालून शाखेत नेऊ नका. सही करता न येणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा चालतो, तोही उमटत नसेल तर पायाचा अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. पैसे कुणी काढायचे तेही याच रीतीने सांगता येतं. दिव्यांगांना आणि सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे. काउंटरवर नकार आला तर व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्या आणि पोच मागा. लेखी मागितलं की सूर बदलतो. तुमच्या आईला बोलता येत नसलं तरी समजतं, मान हलवून होय-नाही सांगता येतं, हे फार मोलाचं आहे. ज्यांची आई बेशुद्धावस्थेत आहे त्यांना पालक म्हणून नेमणूक मिळवायला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावं लागतं. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असेल तर नॅशनल ट्रस्टच्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. तो रस्ता कितीतरी सोपा आहे.

आता भाऊ. हा विषय अवघड आहे, पण खरा पगार तुम्हाला इथूनच उभा करता येईल असं माझं मत आहे. भांडणाने सुरुवात करू नका. नर्सिंग ब्यूरोला फोन करा आणि आईसारख्या पेशंटसाठी बारा तासांची बाई लावायची तर महिना किती पडेल हे लेखी मागवा. चोवीस तासांचंही मागवा. तो कागद आणि तुमची वही भावाला दाखवा. "मी एवढं करते" हे ऐकून घेणारा भाऊ विरळा, पण बाहेरच्या माणसाने लावलेला भाव त्याला नाकारता येत नाही. ठरलेली रक्कम बँकेतून, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला आली पाहिजे. रोख घेऊ नका. त्यातले आईच्या खर्चाचे किती आणि तुमच्या कामाचे किती, हे एका कागदावर दोघांच्या सहीने लिहून ठेवा. भावाला ते सुरुवातीला खटकेल, पण चार वर्षांनी "पैसे कुठे गेले" हा प्रश्न उठत नाही.

ऐकलंच नाही तर २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा आहे. आई साठीच्या पुढे आहे, म्हणजे ती अर्ज करू शकते. तिने अधिकार दिलेला माणूसही तिच्या वतीने करू शकतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे चालतो, वकील लागत नाही. महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह ठरवता येतो आणि आदेश मोडला तर महिनाभरापर्यंत कैदेची तरतूद आहे. पण एक हिशेब आधी करा. भावाकडून महिना दहा हजार ठरले तर ते कुटुंबाचं उत्पन्न धरलं जाईल, वर्षाचे एक लाख वीस हजार होतील आणि संजय गांधीची ५० हजारांची मर्यादा ओलांडली जाईल. दोन्ही हवेत म्हणून दाखल्यात काही लपवू नका, वसुली निघते. तुमच्या जागी मी असते तर भावाच्या नियमित पैशाला पहिली पसंती दिली असती, आणि तो खरंच देत नसेल तरच संजय गांधीवर भिस्त ठेवली असती.

घर आईच्या नावावर आहे असं तुम्ही लिहिलं आहे. शेजारपाजारचे सांगतील, आताच बक्षीसपत्र करून घे. मी सांगेन, घाई नको. आईला काही द्यायचंच असेल तर नोंदणीकृत मृत्युपत्र करावं. त्याच दिवसाचं, तिला समजतं आहे असं सांगणारं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत असावं. दुय्यम निबंधकाला आजारी माणसाच्या घरी बोलावता येतं. मृत्युपत्रात घर तिच्या हयातीत तिचंच राहतं. आजारी आईच्या डोक्यावरचं छप्पर कुणाच्याही नावावर गेलेलं, लेकीच्याही, मला पटत नाही.

वाचणाऱ्यांत इतर घरंही असतील, म्हणून थोडक्यात. सैन्य, सीआरपीएफ, रेल्वे किंवा केंद्राच्या इतर सेवेत कर्तव्यावर असताना शंभर टक्के दिव्यांगत्व आलेल्या पेन्शनरला सतत मदतनीस लागत असेल तर 'कॉन्स्टंट अटेंडंट अलाउन्स' मिळतो. सातव्या वेतन आयोगात तो ६,७५० रुपये ठरला.  कामठी आणि हिंगणा रोडच्या भागात ज्यांना हा लागू होतो अशी घरं आहेत, आणि मागितल्याशिवाय तो सुरू होत नाही. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना आणि एकट्या पित्याला मुलांसाठी ७३० दिवसांची पगारी रजा आहे. मूल दिव्यांग असेल तर वयाची अट नाही. आईवडिलांच्या सेवेसाठी अशी रजा नाही, पण दिव्यांग आईवडील अवलंबून असतील तर नेहमीच्या बदलीतून सूट मागता येते. आणि आजी, मावशी किंवा काका नातवंडं-भाचरं सांभाळत असतील तर बालसंगोपन योजना पाहा. आईवडील वारले, तुरुंगात आहेत किंवा गंभीर आजारी आहेत अशा मुलासाठी महिना २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. 

तुमच्या स्वतःबद्दल. घरी बसलेल्या लेकीचं म्हातारपण कुणाच्या हिशेबात नसतं. तुम्ही चाळिशीच्या आत आहात तोवर अटल पेन्शन योजनेत नाव घाला. हप्ता छोटा असतो आणि साठीनंतर निवडलेल्या हप्त्याप्रमाणे १,००० ते ५,००० रुपये महिना मिळतात. सेवेतूनच पुढे रोजगार करायचा असेल तर 'जनरल ड्यूटी असिस्टंट' किंवा 'होम हेल्थ एड' हे सरकारमान्य कौशल्य अभ्यासक्रम आहेत. अनुभवातून आलेलं काम परीक्षा घेऊन प्रमाणित करण्याची सोयही कौशल्य विकास योजनेत आहे. कूस बदलणं, चमच्याने भरवणं, अंग पुसणं, हे तुम्ही आज करताच आहात. पण हे आई थोडी स्थिरावल्यावर करा. दिवसा दुसऱ्याच्या घरी पेशंट आणि रात्री आपल्या घरी पेशंट, अशाने पाठ आणि झोप दोन्ही जातात.

शेवटी कलम ३८ चा अर्ज. मंडळाच्या प्रमाणपत्रानंतर लगेच करा. साध्या कागदावर, आईच्या नावाने, तिचा अंगठा आणि खाली तुमची सही. मजकूर एवढाच: "माझे दिव्यांगत्व इतके टक्के असून मला दैनंदिन सर्व कामांसाठी दुसऱ्या व्यक्तीची सतत मदत लागते. ही मदत माझी मुलगी विनामोबदला करते व त्यासाठी तिने नोकरी सोडली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ३८ प्रमाणे माझ्या जास्त आधाराच्या गरजेचे मूल्यांकन करून प्रमाणपत्र द्यावे व कलम २४ मधील केअरगिव्हर भत्त्यासाठी माझी नोंद घ्यावी. दैनंदिन सेवेची नोंदवही सोबत जोडली आहे." श्रद्धानंद पेठेत दीक्षाभूमीजवळ सामाजिक न्याय भवन आहे, तिथे समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या नावे द्या. ग्रामीण भागातल्यांनी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात द्यावा. एक प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला स्पीड पोस्टाने पाठवा. टेबलवर कुणी म्हणेल, "अशी योजनाच नाही." तेव्हा वाद घालू नका. "अर्ज आवक करून घ्या आणि तसं लेखी कळवा" एवढंच म्हणा. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. महिन्याभरात काही आलं नाही तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात दोन प्रश्न विचारा: या आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, आणि नागपूर जिल्ह्यात कलम ३८ खाली आजवर किती अर्ज आले व किती जणांचं मूल्यांकन झालं.